वगळण्याचा विवेक : चित्रमुद्रणातील कोडेकच्या निवडीविषयी प्रस्तावना

परभणी जिल्ह्यातून विभक्त होऊन हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला, आणि त्याच्या मागेपुढेच मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांतून व्हीएचएसच्या जाडजूड कॅसेटींची सद्दी ओसरून मिनीडीव्हीच्या चिमुकल्या कॅसेटी दिसू लागल्या; म्हणून या जिल्ह्याचे वय आणि येथील अंकीय चित्रमुद्रणाचे वय जवळपास एकच मानावयास हरकत नाही. या पाव शतकात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांतील लोकजीवनाची जी चलच्चित्रे घेतली गेली, म्हणजे लग्ने, हळदी, वराती, नरसी नामदेव येथील कीर्तने, गावोगावचे हरिनाम सप्ताह, हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचा दसरा, मोंढ्यातले हळदीचे सौदे, शाळांची स्नेहसंमेलने आणि निवडणुकांच्या प्रचारसभा, ती बहुतांशी कोणत्या सरकारी खात्याने घेतलेली नाहीत, की मुंबई-पुण्याच्या चित्रसंस्थांनीही घेतलेली नाहीत. ती घेतली बाजारपेठेतल्या एखाद्या गाळ्यात बसून दिवसा पासपोर्ट फोटो काढणाऱ्या आणि लग्नसराईत रात्रंदिवस 'शूटिंग' व 'मिक्सिंग' करणाऱ्या स्टुडिओवाल्याने. पुढे कोणी या जिल्ह्याच्या एका पिढीचा चेहरा, चालणे, बोलणे आणि पेहराव पाहू इच्छील, तर त्याला याच माणसाच्या हार्ड डिस्का धुंडाळाव्या लागतील. आणि त्या डिस्कांवर त्याला काय सापडेल व काय सापडणार नाही, हे पुष्कळ अंशी त्या माणसाने कॅमेऱ्याच्या मेनूतील एका ओळीवर काय निवडले होते यावर अवलंबून राहील.

ती ओळ म्हणजे कोडेकची. दृश्य ज्या संकेतपद्धतीने कार्डावर लिहिले जाते आणि संगणकावर पुन्हा उलगडून वाचले जाते, तिला कोडेक म्हणतात. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही किंवा एमटीएस ही फाइलच्या नावामागे दिसणारी अक्षरे केवळ वेष्टनाची आहेत. आत काय आहे ते त्यांवरून कळत नाही, आणि एकाच एमओव्हीच्या वेष्टनात अत्यंत दाबून बसविलेले चित्रही असू शकते व ऐसपैस मांडलेले चित्रही असू शकते. व्यवहारात मात्र या निवडीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कॅमेरा कारखान्यातून ज्या स्थितीत आला त्याच स्थितीत तो वर्षानुवर्षे चालतो, कार्ड भरले की फाइली संगणकावर ओतल्या जातात, संगणक अडखळू लागला की त्याची रॅम वाढविली जाते, आणि वराती पडद्यावर फुटक्या का दिसतात याचा दोष कधी कॅमेऱ्याला, कधी विजेला, तर कधी डीजेच्या धुराला दिला जातो. प्रस्तुत पुस्तिका या उपेक्षित ओळीविषयी आहे.

विषयाचे मूळ एका साध्या हिशेबात आहे. पूर्ण एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात; प्रत्येक बिंदूच्या तीन रंगांसाठी तीन बाइट धरले, तर एक चौकट सुमारे ६२ लाख बाइटची होते, आणि सेकंदाला अशा २५ चौकटी घ्यावयाच्या म्हटल्यास तासाभराच्या चित्रणास सुमारे ५६० जीबी जागा लागते. याउलट, २००६ साली सोनी आणि पॅनासोनिक यांनी प्रसृत केलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत सेकंदाला २४ मेगाबिट या वेगाने तेच एक तासाचे चित्रण ११ जीबीच्या आत बसते. म्हणजे पन्नासांहून अधिक भागांपैकी एकच भाग कार्डावर पोहोचतो, आणि बाकीच्याची वाट कॅमेरा चित्रणाच्या क्षणीच लावून टाकतो. काही भाग पुनरुक्तीचा असल्याने त्याची नोंद थोडक्यात होऊ शकते. परंतु पुष्कळसा भाग कायमचा वगळला जातो, आणि एकदा वगळलेले पुढे कोणत्याही उपायाने, कितीही महागड्या संगणकाने, परत मिळत नाही. सबब कोडेकची निवड म्हणजे काय ठेवावे याची निवड नसून काय वगळू द्यावे याची निवड आहे, आणि या पुस्तिकेचा सारा भर त्या वगळण्यातील विवेकावर आहे.

हे वगळणे तीन मार्गांनी होते. पहिला मार्ग रंगाचा. मनुष्याच्या डोळ्यास उजेडातला सूक्ष्म भेद जितका जाणवतो तितका रंगातला जाणवत नाही, या नैसर्गिक मर्यादेचा फायदा घेऊन बहुतेक कॅमेरे उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूपाशी, परंतु रंगाची नोंद चार बिंदूंच्या गटास मिळून एकदाच करतात; यास ४:२:० म्हणतात, आणि एवढ्या एका युक्तीने निम्मा भार हलका होतो. ज्या पद्धतीत दोन बिंदूंमागे एक नोंद ठेवली जाते ती ४:२:२. दुसरा मार्ग प्रत्येक चौकटीच्या अंतर्भागाचा. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून त्यांतील चढउतार लहरींच्या भाषेत मांडावयाचे, आणि डोळ्यास क्वचितच जाणवतील अशा बारीक लहरींची नोंद ढोबळ करावयाची. या गणिताचा पाया घालणारे नासीर अहमद हे बंगळूरूचे. १९७२ साली त्यांना सुचलेली आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेली डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म ही रीत आजच्या जेपीईजी छायाचित्रात, एच.२६४ चित्रफितीत आणि ॲपलच्या प्रोरेस या कोडेकमध्येही कोणत्या ना कोणत्या रूपाने वसत आहे. अक्षता उधळल्या जात असताना पडद्यावर चौकोनी ठिगळे दिसतात, ती याच चौकोनांची.

तिसरा मार्ग काळाचा, आणि संकलकाला सर्वांत अधिक छळणारा तोच. लागोपाठच्या चौकटींत बहुतेक भाग सारखाच असल्यामुळे दर अर्ध्या सेकंदाला किंवा कमीअधिक अंतराने एकच चौकट पूर्ण लिहावयाची आणि मधल्या चौकटींसाठी केवळ 'काय बदलले' एवढेच नोंदवावयाचे, ही युक्ती मे २००३ मध्ये संमत झालेल्या एच.२६४ या मानकाने आणि २०१३ च्या एच.२६५ अर्थात एचईव्हीसीने फार पुढे नेली. नरसी येथे एखादे कीर्तन चालू आहे, कॅमेरा तिपाईवर स्थिर आहे, बुवा आपल्या जागी उभे आहेत, टाळकरी मागे ओळीने आहेत आणि भिंत तर हलतच नाही. अशा दृश्यास सेकंदाला २४ मेगाबिटसुद्धा पुरून उरतात, आणि तेथे मोठा बिट रेट ठेवणे ही उधळपट्टी होय. परंतु त्याच कॅमेऱ्याने शेवटचे मंगलाष्टक संपतानाचा क्षण टिपला, की शेकडो हातांतून एकाच वेळी उधळलेल्या अक्षतांचा प्रत्येक दाणा दर चौकटीत नव्या ठिकाणी असतो, त्यावर फुलांच्या पाकळ्या, वर चमकी, मागे हलणारे दिवे. मागच्या चौकटीतून काहीच उसने घेता येत नाही, आणि ठरलेल्या बिटांत हे सर्व मावत नसल्यामुळे कोडेक निरुपायाने वधूवरांच्या चेहऱ्यांवरील तपशीलही सोडून देतो. ज्या क्षणासाठी दोन्ही घरांनी एवढा खर्च केला, नेमका तोच क्षण सबंध चित्रणात सर्वांत निकृष्ट उतरावा, हा विपर्यास कॅमेऱ्याच्या किमतीशी नव्हे, मेनूतल्या ओळीशी निगडित आहे.

अंधाराचीही हीच कथा आहे. रात्रीच्या वरातीत आयएसओ वाढविला की चित्रात जी रवाळ सळसळ दिसते ती प्रत्येक चौकटीत निराळी असते. ती दृश्याचा भाग नाही हे कोडेकला समजत नाही, आणि तो आपली मोजकी पुंजी त्या सळसळीची नोंद करण्यात खर्च करून टाकतो. याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारावयाची आहे. तिला २०१६ साली तत्त्वतः आणि २०२३ साली सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह केंद्राची मंजुरी मिळाली. त्या वेधशाळेचे सारे कार्यच मुळी गोंगाटाच्या पोटात दडलेला अतिसूक्ष्म संकेत शोधण्याचे असल्याने तेथे उपकरणाने आपल्या मर्जीने काही वगळलेले चालणार नाही. आम्हा चित्रणकारांना इतकी कठोरता परवडत नाही हे खरे. तथापि आपले यंत्र आपल्या वतीने काय काय टाकून देत आहे, हे ठाऊक असणे मात्र आम्हालाही अशक्य नाही.

आता प्रश्न असा की हा पेच नवाच का उद्भवला, आणि मिनीडीव्हीच्या काळी तो का जाणवला नाही. त्याचे कारण इतिहासात आहे. १९९५ च्या डीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ मेगाबिट हा वेग कायम होता, प्रत्येक चौकट स्वयंपूर्ण होती, आणि फायरवायरच्या तारेने कॅसेट संगणकावर उतरवून घेतली की तासाला सुमारे १३ जीबीची जी फाइल तयार होई तीच जशीच्या तशी संकलनास बसे. घेणे आणि जुळवणे या दोहोंची लिपी एक होती, म्हणून निवडीचा प्रसंगच येत नसे. पुढे एव्हीसीएचडी आले, आणि २००८ मध्ये कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टू या कॅमेऱ्याने स्थिरचित्रणाच्या भल्या मोठ्या सेन्सरवर एचडी चित्रफीत घेण्याची सोय केली. तिची मोहिनी जगभर पसरली, पण तिची एच.२६४ फाइल त्या काळच्या संगणकांस पेलेना. कारण ती रचना साठवण्याच्या सोयीसाठी होती, जुळवण्याच्या सोयीसाठी नव्हे. चौकटींच्या समूहातील मधलीच एखादी चौकट दाखवावयाची म्हटली तर संगणकास आधीची पूर्ण चौकट गाठून तेथपासूनचे सर्व बदल क्रमाने मांडावे लागतात, आणि टाइमलाइनवर मागे सरकताना तर हा द्राविडी प्राणायाम पावलोपावली करावा लागतो. त्यावरचा उतारा म्हणून एव्हिडने २००४ मध्ये डीएनएक्सएचडी आणि ॲपलने २००७ मध्ये प्रोरेस ही प्रत्येक चौकट स्वतंत्र ठेवणारी कोडेके पुढे आणली, सिनेफॉर्मही त्याच पंथातले, आणि तेव्हापासून घेण्याची लिपी, जुळवण्याची लिपी व देण्याची लिपी या तिन्ही निराळ्या झाल्या.

ही त्रिविधता मराठवाड्यातील वाचकास समजावून देण्यास फार सायास पडू नयेत, कारण कचेरीच्या व्यवहारात ती त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. कचेरीत अस्सल दस्तऐवज दप्तरात बंदोबस्ताने राहतो आणि त्यावर कोणी रेघोटीही ओढत नाही. कामकाज चालते ते मिसलीवर, जिच्यावर कारकून टिपणे करतो, अंमलदार शेरे मारतो आणि जी हातोहात फिरते. आणि पक्षकाराला मिळते ती नक्कल. कॅमेऱ्यातून उतरलेली मूळ फाइल हे अस्सल, संकलनासाठी रूपांतरित केलेली फाइल ही मिसल, आणि पेनड्राइव्हवर वा यूट्यूबवर जाणारी तयार चित्रफीत ही नक्कल होय. आमच्या व्यवसायातील बहुतेक गोंधळ या तिहींची अदलाबदल झाल्याने माजतो: कोणी अस्सलावरच मिसलीचे काम लादतो आणि संगणक अडखळतो म्हणून चिडतो, कोणी मिसल तयार झाली म्हणून अस्सल पुसून टाकतो, आणि कोणी तर गतवर्षीच्या नकलेवरूनच नवी चित्रफीत काढतो. ज्यांनी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या, मराठा-कुणबी नोंदी तपासणाऱ्या समितीपुढे मांडावयास निजामकालीन कागद शोधण्यासाठी माळ्यावरच्या पेट्या उपसल्या, त्यांना अस्सल कागद हाती असणे आणि नसणे यांतील अंतर निराळे सांगण्याचे कारण नाही.

अस्सलापासून आरंभ करू. चित्रण करतेवेळी शक्य तितके कमी वगळावे, हा सामान्य नियम. परंतु तो कार्डाची क्षमता, बॅटरी, उन्हाळा आणि पुढील संकलनाचे स्वरूप यांच्या मर्यादेत पाळावयाचा आहे. वैशाखातल्या लग्नात मांडवाखाली ४के चित्रण सलग चालू ठेवले, तर लहान बांध्याचे कॅमेरे तापून बंद पडतात, आणि त्या वेळी उच्च कोडेकपेक्षा चालू असलेला कॅमेरा केव्हाही श्रेष्ठ. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाचे ४के चित्रण तासाला ४५ जीबी जागा घेते. सामान्य लग्नास ते पुरेसे असून, अक्षता, वरात आणि आतषबाजी यांसाठी तरी याच्या वरची पायरी कॅमेऱ्यात असल्यास घ्यावी. रंगांच्या पायऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आठ बिटांच्या नोंदीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, दहा बिटांच्या नोंदीत १,०२४. रंग जसा आला तसाच द्यावयाचा असेल तर पहिली पुरते, पण लॉग नावाच्या फिक्या पद्धतीने चित्रण करून पुढे रंग खुलवावयाचे असतील तर आठ बिटांचे आकाश आणि भिंती पट्ट्यापट्ट्यांनी फाटतात. वसमतची हळद, जिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती उन्हात वाळत असताना किंवा नवरीच्या गालावर लागत असताना पिवळ्याच्या ज्या असंख्य छटा दाखविते, त्या आठ बिटांच्या लॉगमध्ये एकाच सपाट पिवळ्यात बुडून जातात. म्हणून आठच बिट उपलब्ध असतील तर लॉगचा मोह टाळून रंग कॅमेऱ्यातच नीट बसवावा, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे. आणखी एक: आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने २५ किंवा ५० चौकटींचा वेग आणि १/५० सेकंदाचा शटर ठेवला, तर ट्यूबलाइटचा लपलपाट टळतो, सर्व कॅमेरे, ड्रोन आणि मोबाइल एकाच वेगावर लावावेत.

मुद्रित चित्र संगणकावर आणणे ही पायरी क्षुल्लक वाटते, परंतु अस्सलाचा घात बहुधा येथेच होतो. एव्हीसीएचडीच्या कार्डातून केवळ एमटीएस फाइली वेचून घेण्याचा प्रघात आहे. वस्तुतः कार्डावरील सर्व फोल्डर आहेत त्या रचनेत उतरवून घ्यावेत, कारण जुन्या कार्डांवर सुमारे ४ जीबीपाशी फाइल तुटते आणि तुटलेले तुकडे बिनसांध जोडण्याची माहिती त्या रचनेत असते, नाहीतर कीर्तनाच्या ऐन रंगात एकदोन चौकटींची खाच पडते. अनेक स्थिरचित्र कॅमेरे अर्ध्या तासास आपोआप थांबत. त्याचे मूळ युरोपातील जकातीच्या वर्गीकरणात आहे, तेथे अर्धा तास वा अधिक मुद्रण करणारा कॅमेरा निराळ्या वर्गात गणला जाई. वेष्टन बदलावयाचे असेल तर चित्राला हात न लावता ते बदलता येते, त्यासाठी एफएफएमपेग हे विनामूल्य साधन उत्तम. पुन्हा दाबून बसविण्याची काही गरज नाही. मोबाइलवरील चित्रणाची खोड वेगळी: त्यातील चौकटींचा वेग स्थिर नसतो, उजेडाप्रमाणे कमीजास्त होतो, त्यामुळे संकलनात ओठ आणि आवाज यांची फारकत होते, अशा फाइली आधी स्थिर वेगात रूपांतरित कराव्यात. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर आलेली चित्रफीत ही नकलेचीही नक्कल असते. ती 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावी. आणि दोन निरनिराळ्या डिस्कांवर प्रत उतरून ती उघडून पाहिल्यावाचून कार्ड फॉरमॅट करू नये, ही आज्ञा समजावी, सूचना नव्हे.

मिसलीच्या बाबतीत दोन परस्परविरुद्ध गैरसमज प्रचलित आहेत. पहिला असा की प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडीमध्ये रूपांतर केल्याने चित्र सुधारते. ते सुधारत नाही. कॅमेऱ्याने जे वगळले ते वगळलेलेच राहते, आणि आठ बिटांचे चित्र दहा बिटांच्या फाइलमध्ये ठेवल्याने त्याच्या पायऱ्या वाढत नाहीत. लाभ होतो तो असा की संगणकाचा मेंदू हलका होतो, आणि रंग, इफेक्ट व पुनःपुन्हा रेंडर यांचा मारा चित्र सोसू शकते. दुसरा गैरसमज असा की रूपांतर म्हणजे निव्वळ वेळेचा आणि जागेचा अपव्यय. जागेचा हिशेब खरा आहे: २५ चौकटींच्या एचडीसाठी प्रोरेस ४२२ सेकंदाला १२२ मेगाबिट, म्हणजे तासाला ५५ जीबी घेते, आणि ४केसाठी तासाला सुमारे २२१ जीबी. येथे भार प्रोसेसरवरून उतरून डिस्कवर येतो, आणि ज्याच्यापाशी यूएसबी २.० ची जुनी डिस्क आहे त्याला तीन कॅमेऱ्यांचे ४के प्रोरेस एकत्र चालविणे दुष्कर. एसएसडी असल्यास प्रश्न उरत नाही. उलटपक्षी, २०११ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत क्विक सिंक आले, आणि तेव्हापासून साधे आठ बिटांचे एच.२६४ संगणक सहज उलगडतो. तेथे दोन तासांच्या कीर्तनाचे रूपांतर करीत बसणे व्यर्थ आहे. दहा बिटांच्या ४:२:२ एचईव्हीसीची गोष्ट मात्र निराळी, कारण ते उलगडण्याची सोय पुष्कळ ग्राफिक्स कार्डांत बराच काळ नव्हती, आणि नवा कॅमेरा घेऊन जुन्या संगणकावर बसणाऱ्याची त्रेधा नेमकी तेथेच उडते. अशांसाठी प्रॉक्सीचा मध्यममार्ग आहे: मूळ फाइली तशाच ठेवून त्यांच्या लहान आकाराच्या हलक्या प्रती तयार कराव्यात, जुळवणी प्रतींवर करावी आणि शेवटचे रेंडर मूळ फाइलींवरून घ्यावे. एचडी आकाराची प्रोरेस प्रॉक्सी तासाला सुमारे १७ जीबीतच बसते. प्रॉक्सी रात्रभर बनत असताना वीज गेली तरी मूळ सुरक्षित असते, हा आमच्या भागातील एक जास्तीचा गुण.

नकलेविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. ती ज्याला पाहावयाची आहे त्याच्या साधनाप्रमाणे असावी: घरच्या टीव्हीच्या पेनड्राइव्हसाठी एच.२६४, कारण जुना संचही ते वाचतो. यूट्यूबसाठी याहून सढळ बिट रेट, कारण तेथे फाइल पुन्हा दाबली जाणारच आहे. मात्र नक्कल म्हणजे कार्याची इतिश्री, ही समजूत या पुस्तिकेस मान्य नाही. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा काही अंशच आज शिल्लक आहे, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, जे १९६४ साली अशा वारशाच्या जतनासाठीच स्थापन झाले, तेथेही जानेवारी २००३ च्या आगीत जुन्या नायट्रेट फिती भस्मसात झाल्या. त्या फिती रसायनाच्या ज्वालाग्राहीपणाने गेल्या. आमच्या फिती जातील त्या 'डिलीट'च्या एका कळीने, किंवा मिनीडीव्ही वाचणारा कॅमेरा आणि फायरवायरचे तोंड असलेला संगणक एकत्र न मिळाल्याने, आणि त्यांची वार्ता कोणत्याही वर्तमानपत्रात येणार नाही.

पुस्तिकेच्या रचनेबद्दल दोन शब्द. पहिल्या भागात वर सूत्ररूपाने सांगितलेले हिशेब तपशिलाने मांडले आहेत आणि प्रत्येक बिट रेटला तासामागे किती जागा लागते त्याचा तक्ता दिला आहे. दुसऱ्या भागात प्रसंगानुसार निवड कशी करावी ते आहे: कीर्तन, लग्न, दसऱ्यातील रावणदहन, औंढ्याच्या मंदिराचे बाह्य शिल्पकाम, मोंढा, ड्रोन, कारण सर्वांस एकच सेटिंग सांगणे हे वैद्याने सर्वांस एकच पुडी देण्यासारखे झाले असते. तिसरा भाग आयात, प्रॉक्सी आणि संकलनाचा, चौथा जतनाचा. परिभाषेत स्टुडिओत रूढ असलेले शब्द तसेच ठेवले आहेत. २०१८ साली आलेले एव्ही१ हे मुक्त कोडेक आणि २०२१ पासून आयफोनच्या काही मॉडेलांत आलेले प्रोरेस यांचाही परामर्श घेतला आहे, तथापि यंत्रे बदलत राहतील आणि तक्त्यांतील काही आकडे कालबाह्य होतील, हे गृहीत धरूनच वाचकाने त्यांचा उपयोग करावा. ज्या व्यावसायिकांनी आपल्या कामाची पद्धत, आपले कोष्टक आणि आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगितल्या, त्यांचे ऋण येथे नमूद करणे आवश्यक आहे. त्यांच्याच इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

शेवटी एक प्रस्ताव, ज्यासाठी ही प्रस्तावना इतकी लांबविली. आज प्रघात असा की घराला अडीच-तीन तासांची तयार चित्रफीत मिळते, आणि मूळ चित्रण स्टुडिओत काही महिने राहून पुढच्या लग्नसराईपूर्वी जागेसाठी पुसले जाते. त्या तयार चित्रफितीत कोपऱ्यात बसलेली आजी, तिचे ओव्या म्हणणे, घराचे जुने दार, गोठ्यातली बैलजोडी यांस प्रायः स्थान नसते. ते मूळ चित्रणात असते. पुस्तिकेतील हिशेबाप्रमाणे सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचे सुमारे २२ तासांचे चित्रण एक टीबीच्या एका डिस्कवर बसते, आणि तिचा खर्च लग्नाच्या एकूण खर्चात नगण्य आहे. तरी आमची व्यावसायिक बंधुभगिनींस विनंती अशी की, आगाऊ रक्कम घेताना जी पावती आपण देतो तीवर यापुढे एक ओळ जास्त छापावी: मूळ चित्रण, कॅमेऱ्यातून आले तसे, धन्याच्या डिस्कवर धन्याच्या स्वाधीन केले जाईल. घराचे अस्सल घराकडे गेले, की स्टुडिओवाल्याने जागेसाठी आपली प्रत पुसली तरी त्यावर कोणाचा उजर राहणार नाही, आणि काय ठेवावे व काय वगळावे याचा निवाडा ज्याचा हक्क आहे त्याच्याकडेच राहील.